फवाऱ्याच्या इंजनाचा हिवाळा

कापूस फुटला की मला पेट्रोलचा वास येतो. आज सकाळीही आला. मी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, उभी होते. दहिवराने ओली झालेली बोंडं, ओटी बांधून एकेका ओळीत, तासात, वेचणीला लागलेल्या बाया, धुक्यात अर्धं बुडालेलं आमचं रोहणा. आणि नाकात मात्र ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा गोडसर, जळका वास. वासामागून आवाज येतो. आधी दोन-तीनदा खोकल्यासारखा, मग सलग, मोठ्या भुंग्यासारखा. मी मान वळवते. रस्त्यावरून कुणाची तरी साधी मोटारसायकल निघून जाते, आणि तो वास जिथून आला तिथे, म्हणजे माझ्याच आत कुठेतरी, परत जातो.

आमच्या गावात एके काळी इंजनांना दोन ऋतू होते. आषाढापासून दसऱ्यापर्यंत ती माणसाच्या पाठीवर बसत आणि कपाशीवर फवारा उडवत. दसरा झाला, शेवटचा फवारा संपला, की हीच इंजनं पाठीवरून उतरून सायकलवर चढत. मागच्या चाकावर एक छोटा रूळ टेकवायचा, इंजन रूळ फिरवी, रूळ चाक फिरवी आणि सायकल आपोआप चालू लागे. होळीपर्यंत, फार तर मृगापर्यंत. मग पुन्हा पेरणी, पुन्हा पाठ. हिवाळा आला हे आम्हाला थंडीने कळायचं नाही. पहिली सायकल स्वतःहून चालत गेली की कळायचं.

हा सगळा उद्योग बबनसेठचा. तीन पिढ्यांचं किराणा दुकान होतं त्यांचं. समोर डाळ, तेल, साखर आणि मागच्या परसात लोखंड. जाम गावच्या चौकात त्यांचा मेहुणा भंगार घ्यायचा. हमरस्त्यावरच्या ट्रकांचं जे काही मोडायचं, पडायचं, त्यातलं बारीकसारीक तो पोत्यात भरून एसटीच्या टपावर टाकून द्यायचा. जामचं पोतं आलं की बबनसेठ गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून मागे जायचे. इतर मिस्त्री वस्तू हातात घेऊन विचारतात, हे कशाचं आहे? बबनसेठ म्हणायचे, "हे काय काय होऊ शकते?" त्यांच्या हातची साखर घरी नेली की पुडीवर काळ्या बोटांचे ठसे असायचे. शेठाणी रोज भांडायच्या. गावाला सवय झाली होती. ग्रीस लागल्याने साखर कमी गोड होते असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

त्यांच्या सायकली मी अजून स्वप्नात पाहते. न्हाव्याच्या सायकलीचं कॅरिअर उलगडलं की खुर्ची व्हायची, आणि ट्रकचा साइड मिरर गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर यायचा. दूधवाल्याने मागच्या चाकाला रवी जोडून घेतली होती. पुढच्या गावी पोचेपर्यंत बरणीत ताक झालेलं असायचं आणि तो लोण्याचा गोळा दाखवून सांगायचा, हे रोहणा ते आर्वीचं लोणी. एका मास्तरांच्या सायकलीवर छत्री होती, ती इंजनाच्या जोरावर हळूहळू गरगरत राही. कशासाठी, ते मास्तरांनाही सांगता येत नसे. पण शाळेत पोचेपर्यंत त्यांचा चेहरा हसरा झालेला असायचा आणि आम्हाला तेवढं पुरे होतं.

आमच्या घरी इंजन नव्हतं. असणार नव्हतं. बाबा शेतीत फवारा मारत नसत, आणि इतरांनी मारू नये म्हणून पत्रकं वाटत. सगळं गाव फवाऱ्याच्या पाण्याला औषध म्हणे. आमच्या घरात त्या शब्दाला बंदी होती. औषध आजाऱ्याला देतात, हे जहर आहे, असं बाबा म्हणत, आणि मी ते शाळेत जाऊन दुप्पट आवाजात म्हणत असे. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. 'माझी गाय' या निबंधाची माझी सुरुवात 'बंधू-भगिनींनो' अशी होती. घरात पलंगाखाली, फडताळात, धान्याच्या कोठीवर गठ्ठेच गठ्ठे. उरलेल्या जाड कागदाची पत्रकं बाबा बबनसेठला देऊन टाकत, कारण इंजनाचे दोन भाग जोडताना मध्ये जे कागदी पॅकिंग लागतं, ते कापायला तो कागद झकास होता. एखाद्या वर्षी तर गावातल्या प्रत्येक इंजनाच्या पोटात आमचा एक कागद होता. जहर उडवणाऱ्या इंजनाच्याही. मला तो विजय वाटायचा. लहान वयात काय काय विजय वाटतं.

हिवाळा हा बाबांचा फिरण्याचा काळ. वेचणीच्या दिवसांत माणसं शेतात एकत्र सापडतात. बाबा सायकलवर कागदांची पिशवी अडकवून निघायचे, एका गावातून दुसऱ्या गावात. मी अकरावीत गेले त्या वर्षी त्यांचे गुडघे संपले. सुजून नारळासारखे झाले. पायडल मारताना ते ओठ दाबून धरत आणि उतरल्यावर सायकलला टेकून उभे राहत, जणू काही सायकलच दमली आहे. दिवाळीनंतर एक दिवस त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली आणि काढली नाही. आठवडा गेला. बाबा ओसरीवर बसून रस्त्याकडे बघत राहिले. बोलणं कमी झालं. पत्रक न वाटणारे बाबा मी पाहिलेच नव्हते, आणि मला भीती वाटली की ते असेच राहिले तर हळूहळू त्यांच्यातलं काहीच उरणार नाही.

मग गुलाबकाका आले. आमचं आणि त्यांचं शेत धुऱ्याला धुरा लागून. बाबांची सगळी पत्रकं त्यांनी ऐकलेली आणि एकही पाळलेलं नाही. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी ओसरीवर ठेवलं. फवाऱ्याचं इंजन.

"भाऊ, इंजन मायं आहे, गुडघे तुमचे आहेत," ते म्हणाले. "दोन्ही हिवाळाभर रिकामेच पडून राह्यले. द्या जोडून."

बाबांनी इंजनाला हातसुद्धा लावला नाही. ज्याने जहर उडवलं त्याच्यावर बसून जहराविरुद्धचे कागद वाटू काय, असं ते म्हणाले. गुलाबकाकांनी वाद घातला नाही. त्यांनी बबनसेठला बोलावून आणलं. बबनसेठने इंजन मांडीवर घेतलं, दोरीची चाकी प्रेमाने एकदा फिरवून पाहिली आणि म्हणाले, "इंजनाले काय समजते जी भाऊ? त्याले फक्त फिरता येते. कशासाठी फिरवाचं थे आपून पाहाचं."

आई दारातून म्हणाली, "तुमचं तत्त्व राहू द्या घरी. मी त्याले शेकून देतो. तुमी जा."

बाबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. अट एकच घातली, इंजन धुवायचं. बबनसेठने ते तीनदा धुतलं, सोड्याने, रिठ्याने आणि तिसऱ्यांदा कशाने ते त्यांनी सांगितलं नाही.

ती सायकल तयार होताना मी रोज कॉलेज सुटलं की परसात जाऊन बसे. पान्याचे नंबर शिकले. कार्बोरेटर म्हणजे इंजनाचं नाक, त्यातून ते हवा आणि पेट्रोल एकत्र ओढतं, हे शिकले. दोन नट काढले की ते नाक हातात येतं. बबनसेठ प्रत्येक सायकलला काहीतरी असं द्यायचे ज्याचा काही उपयोग नसतो. आमच्या सायकलला त्यांनी ट्रकच्या वायपरची दांडी लावून पुढच्या मडगार्डवर पत्र्याचा पोपट बसवला. इंजन सुरू झालं की पोपट पंख हलवायचा. टाकी म्हणून तुपाची पितळी बरणी. आणि मागे त्यांची कमाल: जुन्या टाइपरायटरचा रूळ बसवलेली पेटी. पत्रकांचा गठ्ठा आत ठेवायचा, दोरी ओढली की एक पत्रक बाहेर उडायचं. बाबांना थांबायची, उतरायचीही गरज नाही.

पहिल्या दिवशी मी कॅरिअरवर बसले होते. पोपट पंख मारत होता, कपाशीची पांढरी शेतं दोन्ही बाजूंनी मागे वाहत होती, आणि बाबांचे पाय पायडलवर नुसते ठेवलेले, शांत. चढ आला की मी उडी मारून उतरायचे आणि शेजारून पळायचे. आर्वीकडे जाणारी छोटी रेल्वेगाडी थोडा वेळ आमच्या बाजूने चालली. तिचा वेग आणि आमचा वेग सारखाच होता. खिडकीतला एक म्हातारा आमच्या पोपटाकडे बराच वेळ बघत राहिला, मग त्याने हात जोडले. त्या सकाळी मला वाटलं होतं की जग असंच बदलतं, हळूहळू, फटफटत, पंख हलवत.

परतताना कळलं, टाइपरायटरचा रूळ सैल झाला होता आणि पेटी दोरी न ओढताच कागद उधळत होती. सगळ्या रस्त्याने आमची पत्रकं पसरली होती आणि एक कळप ती मन लावून खात होता. बकऱ्या हाकणारी म्हातारी म्हणाली, लई गुणाचा कागद आहे, आणखी असंल त द्या. मी हसून बेजार. बाबांनी घरी येताच पेटी काढून टाकली. "पत्रक हाती द्याचं असते," ते म्हणाले. "फेकाचं नसते."

ते वाक्य मी ऐकलं. ऐकणं आणि कळणं यांच्यात त्या वयात मोठं अंतर असतं.

तो हिवाळा मला एकाच लांब सकाळीसारखा आठवतो. धुकं, तुरीच्या शेंगा भाजल्याचा धूर, अनोळखी गावातल्या विहिरीचं कोमट पाणी. बाबा प्रत्येकाच्या हातात कागद द्यायचे आणि दिल्यावर लगेच निघायचे नाहीत. समोरच्याच्या बैलाची, लेकीची चौकशी करायचे. मला घाई असायची. माझ्या डोक्यात भाषणं धगधगत होती. आजही कृषी केंद्राच्या भिंतीवरचं रंगीत पोस्टर पाहिलं की माझी कानशिलं तापतात. त्यावरचा शेतकरी पाठीवर पंप घेऊन हसतोय, तोंडाला फडकं नाही, हातात मोजे नाहीत. हसायला काय झालं त्याला? कुणी हसवलं? हा राग खरा आहे आणि तो मी सोडणार नाही. पण त्या आषाढात मी त्या रागाचं जे केलं, ते वेगळं.

आषाढ लागला तसे गुलाबकाका ओसरीवर येऊन म्हणाले, उद्या इंजन नेतो भाऊ, कपाशीवर मावा दिसून राह्यला. बाबा म्हणाले, ने. एवढंच. मला ते सहन झालं नाही. हिवाळाभर आमच्या कागदांना नेणारं इंजन उद्या पुन्हा जहर उडवणार, आणि बाबा फक्त 'ने' म्हणतात? दुपारी घरात कुणी नव्हतं. मी पाना घेतला, दोन नट काढले, कार्बोरेटर काढून पलंगाखालच्या गठ्ठ्यात, 'जहर थांबवा' असं छापलेल्या पत्रकांच्या मध्ये खोचला. नट पुन्हा जागेवर फिरवून ठेवले. व्यवस्थितपणा अंगातच होता. मला वाटत होतं की मी पहिल्यांदाच काहीतरी खरं केलं.

दुसऱ्या दिवशी इंजन पाहून बबनसेठ म्हणाले, नाक रस्त्यात पडलं वाटते. मग त्यांनी जागेवर नीट बसवलेल्या त्या दोन नटांकडे पाहिलं, माझ्या नखांतल्या काळ्या ग्रीसकडे पाहिलं आणि जामला निरोप पाठवला, पोत्यात मिळते का बघा. तीन दिवस पोतं आलं नाही. गुलाबकाकांची कपाशी आकसत चालली होती. पानं आतल्या बाजूला वळली होती, मुठी आवळल्यासारखी. तिसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून फवाऱ्याचा जुना हातपंप काढला.

मला हातपंप म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पत्रकात त्याचं चित्र नव्हतं. इंजन फवारा लांब फेकतं. हातपंपाने माणूस आपल्या पुढ्यात फवारतो आणि त्याच ओल्या झाडांतून पुढे चालतो. टाकी गळकी होती. पाठ भिजत गेली, धोतर भिजत गेलं. काकी हंड्याने पाणी वाहत होत्या. दुपारी त्यांनी ओरडून बाबांना हाक मारली. गुलाबकाका धुऱ्यावर ओकत होते आणि त्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं.

दवाखान्यात सुई दिली. डॉक्टरांनी सांगितलं, वाचले, आणखी अर्धा तास फवारलं असतं तर सांगता येत नव्हतं. संध्याकाळी ते घरी आले, बाजेवर पडले. मी पलंगाखालून गठ्ठा ओढला आणि कार्बोरेटर बाबांच्या समोर ठेवला. मी लपवलं होतं, एवढंच म्हणाले. इतके शब्द पाठ असलेली मुलगी मी.

बाबा रागावले नाहीत. तो छोटा धातूचा तुकडा मुठीत घेऊन ते उठले. इंजन नव्हतं, म्हणून ते गुलाबकाकांच्या घरी पायी निघाले. एवढंसं अंतर, पण दोनदा भिंतीला धरून थांबले. मी मागे चालत होते. त्यांचा हात धरायची मला लाज वाटत होती.

"गुलाब," बाबा बाजेजवळ बसून म्हणाले, "हे माह्या पोरीनं लपवलं होतं."

गुलाबकाकांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. "काऊन वं पोरी?"

"तुमी जहर फवारू नये म्हणून."

कोपर टेकून ते थोडे वर उठले. मग अगदी सरळ, समजून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं, "आन मंग कपाशी गेली असती त वर्षभर काय खाल्लं असतं आमी, माय? तुमचे कागद?"

काकी चुलीजवळून म्हणाल्या, कागदानं पोट भरलं असतं त त्या बकऱ्या आतापर्यंत हत्ती झाल्या असत्या. त्या हसल्या नाहीत. त्या घरात कुणीच हसलं नाही. मी जमिनीकडे बघत उभी होते आणि माझ्या लक्षात आलं की गुलाबकाकांचा प्रश्न काय आहे हे मी कधी ऐकूनच घेतलं नव्हतं. आमच्या पत्रकात उत्तरं होती. ती सगळी खरी होती. आजही खरी आहेत. पण मी ती त्या पेटीसारखी उडवली होती, रस्त्याने जाताना, न थांबता.

चार दिवसांनी गुलाबकाका उठले. कपाशी थांबणार नव्हती. फवारायला त्यांना दुसरं कुणी नव्हतं, पैसे देऊन लावायला ऐपत नव्हती. बबनसेठने इंजन पंपावर बसवलं, नव्या पॅकिंगसह. बाबा म्हणाले, मी येतो. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की फवारा सुरू असलेल्या शेतात हा माणूस पाऊल ठेवत नाही. बाबा काठी टेकत गेले. आधी त्यांनी आपल्या हाताने गुलाबकाकांच्या नाकातोंडावर जाड फडकं बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली. पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला लावला. मग धुऱ्यावर उभे राहून त्यांनी खिशातून कापसाचा बोळा काढला, त्यातलं बोंडाएवढं पुंजकं तोडलं आणि हवेत सोडलं. पुंजकं तरंगत पूर्वेला गेलं.

"पाठ इकडे कर गुलाब. वारा मांगून येऊ दे."

सगळी सकाळ बाबांनी तेवढंच केलं. पंपाला शिवले नाहीत. थोड्या थोड्या वेळाने पुंजकं सोडायचे, ते कुठे जातं बघायचे आणि हाक मारायचे. फिर. थांब. आता चाल. मी पाणी आणत होते. ढगाळ आभाळाखाली हिरव्या तासांमधून एक माणूस इंजन पाठीवर घेऊन चालतोय आणि दुसरा माणूस वाऱ्याकडे पाहतोय, हे दृश्य मला आज एखाद्या पूजेसारखं आठवतं. तेव्हा तसं वाटलं नव्हतं. तेव्हा फक्त हंडा जड होता.

त्या श्रावणात बाबांनी एक पत्रक माझ्याकडून लिहून घेतलं. सगळ्यांत छोटं. तळहाताएवढं. त्यात 'बंधू-भगिनींनो' नव्हतं. पहिली ओळ होती: आधी वारा कुठून येतो ते पाहा. खाली फडकं, सदरा, गळकी टाकी, उपाशीपोटी फवारू नये, एवढंच. शेवटी, बारीक अक्षरात, फवाऱ्याशिवाय आमची शेती बघायची असेल तर केव्हाही या. तेच एक पत्रक असं, जे बबनसेठने कधी पॅकिंगला कापलं नाही. लोक ते मागून न्यायचे. आणि त्या वर्षी पाच जण खरंच शेत बघायला आले. त्यांत गुलाबकाका नव्हते. ते अजूनही फवारतात. बाबा अजूनही म्हणतात, जहर आहे. मीही म्हणते.

पण दसरा झाला की काका इंजन घेऊन येतात. त्या वर्षीही आले, कुणी न बोलावता, रिठ्याने धुऊन, टॉवेलात गुंडाळून. माझ्या हातात देऊन म्हणाले, नाक आहे जागेवर, पाहून घेजो. मी पाहून घेतलं. तेव्हापासून दर वर्षी ते हेच म्हणतात आणि दर वर्षी मी पाहून घेते.

आता बबनसेठच्या परसात जामचं पोतं येत नाही. मास्तरांची छत्री गंजली, दूधवाल्याने मोटारसायकल घेतली. आमची सायकल तेवढी चालते. पोपटाचा एक पंख गळाला आहे, म्हणून तो उडताना थोडा लंगडतो. बाबांसारखाच.

मघाशी धुऱ्यावरून घरी आले तर बाबा निघायच्या तयारीत होते. पिशवी खांद्याला, पाय पायडलवर. आज काही फवारायचं नव्हतं, कुणाला पाठ फिरवायला सांगायचं नव्हतं. तरी इंजनाची दोरी ओढण्याआधी त्यांनी ओसरीवरच्या ढिगातून कापसाचं पुंजकं घेतलं, हवेत सोडलं आणि ते कुठे जातं ते शेवटपर्यंत पाहिलं. मग मला म्हणाले, "ओढ."